आधी जिना विचार

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. श्रावणात पाच रात्री नाशिकला येतायत. ती, जावई, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई. "मावशी, हॉटेल नकोच म्हटलं. जुन्या नाशकात एका वाड्याची माडी मिळतीये. फोटो काय सुंदर आहेत! सागवानी खांब, कोनाडे, चौकात तुळस, माडीवर झोपाळासुद्धा."

मी विचारलं, "जिन्याचा फोटो आहे का?"

नव्हता.

"मग आधी जिना विचार. पैसे नंतर भर."

ती हसली. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि तिला ऑफिसची घाई, म्हणून लिहून काढतेय. तिच्यासाठीच लिहितेय, पण असे वाडे घेऊन राहणारे आता बरेच झालेत, तर त्यांनीही वाचावं.

बाळ, मावशीला यातलं काय कळतंय असं जावयांना वाटेल. त्यांना सांग, तुझ्या मावशीने तीस वर्षं परक्या माणसांना घरात उतरवून घेतलंय. माझं सासर पंचवटीतलं, गंगेवरच्या उपाध्यांचं. (गोदावरी नकाशात. नाशिककर गंगेवरच जातो.) लग्न होऊन आले तेव्हा घरची माणसं नऊ आणि यजमान कधी चार, कधी चाळीस. आमच्या भाषेत यजमान म्हणजे आलेला यात्रेकरू. विदर्भातला, खानदेशातला, गुजरातेतला. गाव आणि आडनाव सांगायचा, मामंजी नामावळी उघडायचे, त्याच्या आजोबाची सही दाखवायचे आणि माणूस माडीवर उतरायचा. भाडं हा शब्दच नव्हता. जाताना दक्षिणा, शिधा, कुणी धोतरजोडी. शेतकरी असला तर पुढच्या सुगीला ज्वारीचं पोतं पाठवायचा.

यजमान दारात आला की सासूबाई पाणी देता देता तीनच प्रश्न विचारायच्या. किती जण? म्हातारं कोण? रात्री उठणारं कोण? त्यावर कोण माडीवर आणि कोण खाली ओसरीलगतच्या खोलीत, हे ठरायचं. तिसरा प्रश्न ऐकून नवखा माणूस लाजायचा. पण संडास चौकाच्या पलीकडे. रात्री दोन वाजता अंधारात जिना उतरून, ओला चौक ओलांडून जाणारी आजीबाई पडली, तर तिची काशी तिथेच व्हायची. आता वाडे भाड्याने देणारे हे प्रश्न विचारत नाहीत. म्हणून ते तू विचारायचे, स्वतःलाच. तुझ्या सासूबाईंचे गुडघे मला माहीत आहेत.

जिन्याचं नीट सांगते. जुन्या वाड्याचा जिना बहुतेक वेळा भिंतीच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंना भिंत, रुंदी एका माणसाची, भर दुपारी अंधार. पायरी दीड वीत उंच आणि पाऊल टेकायला जागा अर्ध्या पावलाची. वरून एक दोर सोडलेला असतो, तो शोभेचा नाही. चढताना तो धरायचा. उतरताना वळायचं, तोंड जिन्याकडे करायचं आणि शिडी उतरावी तसं उतरायचं. मुलांना हे पहिल्याच दिवशी दोनदा करून दाखव, ती खेळ समजून शिकतात. वर पोचल्यावर चौकट कपाळाच्या उंचीवर असते, जावई उंच आहेत. आमच्याकडे एखाद्या यजमानाला पहिल्या दिवशी कपाळावर टेंगूळ आलं तर सासूबाई म्हणायच्या, झाला नमस्कार वास्तुपुरुषाला.

तेव्हा मालकाला विचार: पायऱ्या किती, कठडा आहे की दोर, जिन्यात दिवा आहे का आणि त्याचं बटण खाली आहे की वर. फक्त वर असेल तर ज्याने तो दिवा बसवला तो रात्री उशिरा घरी येणारा माणूस नव्हे. चाकांची मोठी बॅग घेऊ नकोस. दोन लहान पिशव्या परवडल्या. या जिन्यात मोठी बॅग अडकली की वरचा वर, खालचा खाली.

हे ज्ञान मला सासरी मिळालं आणि तरी मी २०१९च्या मे महिन्यात लिस्बनला फसले, हेही सांगून टाकते. लेक तिकडे नोकरीला होता. त्याने हौसेने आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत चार रात्रींसाठी घर घेतलं. जुनी वस्ती म्हणजे अगदी आपलं जुनं नाशिक: चढ, बोळ, दगडी फरसबंदी, खिडकीतून समोरच्या घरातली भाजी दिसावी इतकी जवळ घरं. फोटोत निळ्या फरश्या, खिडकीतून दिसणारी नदी. "आई, तिसरा मजला आहे," लेक म्हणाला. मी म्हटलं, तिसरा तर तिसरा. तिसरा म्हणजे किती चढायचं हे आम्हाला पोचल्यावर कळलं. पायऱ्या बहात्तर. लिफ्ट नाही. घरमालकाने कुठे खोटं लिहिलं नव्हतं, फक्त जिन्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. किल्ली दाराजवळच्या आकड्यांच्या डबीत, माणूस कुणीच नाही. तिसऱ्या वळणावर मी बॅगेवर बसले आणि मला सासूबाई आठवल्या. म्हातारं कोण? मीच होते की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सुती साडी धुऊन खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकली. तिथे सगळेच टाकतात. पण त्यांचे सदरे आणि टॉवेल. माझी साडी पाच वार, ती सुटली ती खालच्या बाईंच्या खिडकीवर पडद्यासारखी. दारावर थाप. काळे कपडे घातलेली माझ्याच वयाची बाई, हातात माझ्या साडीचा ओला पदर. ती पोर्तुगीजमध्ये बोलत होती, मी मराठीत. दोघींना सगळं कळलं. मग तिने साडी दोन पदरी घडी करून, चिमटे लावून, स्वतःच्या हाताने पुन्हा वाळत टाकून दाखवली. माडीवरून वाळत घालताना खाली कुणाची खिडकी आहे ते बघायचं, हे मी सासरी पहिल्या महिन्यात शिकले होते. परदेशात गेलं की माणूस आपलंच शहाणपण घरी ठेवून जातो.

त्या घराला दर रात्री माणशी दोन युरो पाहुणेपट्टी होती, ती वेगळी द्यावी लागली. आणि पहाटे घंटा. चर्च जवळच होतं. लेक वैतागून उशी कानावर घ्यायचा. मी म्हटलं, अरे, ही आपल्या नारोशंकराच्या घंटेची बहीण. त्याला लहानपणी सांगितलेलं तो विसरला होता: १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. देऊळ १७४७चं. तुम्ही याल तेव्हा मुलांना वर मान करून बघायला सांग. त्या घंटेचं आणखी एक काम आहे, ते पुढे सांगते.

आता पाणी. माडीवर नळाला पाणी चोवीस तास येतं का, की सकाळी तासभर येतं आणि टाकी भरून घ्यायची? टाकी किती माणसांची? आमच्याकडे बंब होता. एका बंबात चार आंघोळी, पाचव्याने थांबायचं. आता गिझर आहेत, पण भिंतीवरचा छोटा डबा म्हणजे बंबापेक्षाही कमी, लिस्बनला तिसऱ्या आंघोळीला बर्फाचं पाणी आलं. तेव्हा आधी तुझ्या सासूबाई, मग मुलं, शेवटी जावई. आणि गिझर चालू असताना इंडक्शन लावू नकोस. जुन्या वाड्यातली वायर बहुतेक उघड्या लाकडावरून फिरवलेली असते. फ्यूज उडाला तर नशीब समज. मेन स्विच कुठे आहे ते मालकाकडून पहिल्या पाच मिनिटांत बघून घे, वायफायचा पासवर्ड नंतर.

मोरीत भांडी घासताना भसाभस पाणी सोडू नका. वाड्याची जमीन माडीवर लाकडाची आणि तिच्यावर मातीचा थर. वरचं पाणी खालच्या माणसाच्या देव्हाऱ्यावर गळतं.

श्रावण म्हणतेस म्हणून पावसाचं सांगते, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. जुने वाडे पांढऱ्या मातीचे आणि विटांचे. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि तरी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत बसते. मालकाला सरळ विचार: वाड्याला नोटीस आलीये का? चांगला माणूस रागावणार नाही, डागडुजी कधी केली ते सांगेल. गेल्यावर स्वतः बघ. भिंतीला पोट सुटलंय का. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल आहे का. रात्री लाकूड करकरेल, त्याला घाबरू नकोस, सागवान हवा बदलली की बोलतंच. पण सकाळी पांघरुणावर बारीक माती झरलेली दिसली, तर चहासुद्धा न घेता सामान उचल.

मिरवणूक बघायला सज्ज्यात सगळ्यांनी गर्दी करायची नाही. सज्जा दोन माणसांच्या वाऱ्यासाठी बांधलेला असतो. आमच्या मामंजींनी मिरवणुकीच्या दिवशी सज्ज्याच्या दाराला कुलूप लावलेलं मी दर वर्षी बघितलंय. शेजारीपाजारी चिडायचे. कुलूप निघायचं नाही.

आणि गंगा. श्रावणात गंगापूर धरण भरत आलं की पाणी सोडतात. पेपरात क्युसेकचा आकडा येतो. आम्ही तो वाचतो आणि मग दुतोंड्या मारुतीकडे बघतो. रामकुंडाजवळ पात्रातच उभा आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, अशी नाशिकची मोजपट्टी. कमरेला लागलं की घाटालगतचे दुकानदार माल आवरायला लागतात. मारुती दिसेनासा झाला की सराफबाजाराकडच्या लोकांची झोप गेली. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, हे त्या घंटेचं दुसरं काम. १९६९चा पूर सासूबाई सांगायच्या. २००८, २०१६ आणि २०१९चे मी माडीवरून बघितले. २०१६ला आमच्या खालच्या खोलीतलं धान्य आम्ही रात्रीत वर चढवलं, तेव्हा मात्र त्या जिन्याला मी मनापासून शिव्या दिल्या.

म्हणून घाटावर गाडी लावून झोपायचं नाही. फुकट आणि मोकळी जागा दिसते, जावयांना मोह होईल. दर पावसाळ्यात बाहेरगावच्या कुणाची तरी गाडी तिथे पाण्यात सापडते आणि आम्ही पुलावरून बघतो. पावसाळा नसतानाही मंगळवारी रात्री तिथे गाडी लावू नये. बुधवारी घाटावर बाजार भरतो. सकाळी डोळे चोळत जाल तर गाडीभोवती मेथीचे ढीग आणि मेथीवाली तुम्हालाच विचारणार, दादा, गाडी कुणाची?

गाडी आणूच नका खरं तर. जुन्या नाशकातल्या बोळांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढायचं. नाशिकरोड स्टेशनापासून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर, रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला घरनंबर सांगू नकोस, त्याचा उपयोग नाही. मालकाला आधीच विचार, कुठल्या कारंज्यावर उतरू? रविवार कारंजा की पंचवटी कारंजा? तिथून पुढे तांबट लेन, तिवंधा, दिल्ली दरवाजा, बोहोरपट्टी अशी नावं विचारत जायचं. जुन्या गावात माणूस पत्त्याने पोचत नाही, विचारत विचारत पोचतो. ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचार, ते पत्त्याबरोबर तुमचं गाव विचारतील. सांगायचं. त्यात काही जात नाही.

पण एक आहे. खोली देण्याआधी मालकाने आडनाव ऐकून आवाज बदलला, किंवा "आपण कोण?" असं विचारलं, तर त्याच्याकडे राहू नका, वाडा कितीही सुंदर असो. आडनाव तर आम्हीही विचारायचो, नामावळी शोधायला. आणि हेही लपवत नाही की पंचवटीतली कितीतरी दारं, आमचंसुद्धा, आडनाव ऐकून अर्धीच उघडायची. काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, ते दार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मामंजी तेव्हा लहान होते. त्यांच्या वडलांनी त्या दिवशी वाड्याचा दिंडी दरवाजा आतून आगळ घालून बंद केला होता, असं ते सांगायचे आणि सांगताना खाली बघायचे. स्वयंपाकघरात मांसमच्छी नको, कांदा-लसूण नको असं मालक म्हणाला तर ते त्याचं घर, ऐकून घ्या. माणूसच नको म्हणाला तर निघा.

जावयांचा जर्मन सहकारी दोन दिवस येणार आहे म्हणालीस. त्याची माहिती मालकाला चोवीस तासांत सरकारात कळवावी लागते, तेव्हा पासपोर्टची प्रत मागितली तर त्याने अपमान वाटून घेऊ नये. मागितलीच नाही तर तुम्ही आठवण करा. आणि मालकच टाळाटाळ करत असेल तर बाकीच्या गोष्टीही तो टाळतच असणार.

वाड्यात आवाज लपत नाही. रात्री दहानंतर मुलांनी माडीवर धावायचं नाही, खाली छत नाही, कुणाच्या तरी डोक्यावरचा ढोल आहे तो. उलट पहाटे पाचला शेजारच्या घरातला पितळी हंडा वाजेल, देवळातली काकड आरती ऐकू येईल. त्याची तक्रार मालकाकडे करू नकोस. तुम्ही पाच रात्रींचे, ते घंटेइतके जुने.

रामकुंडावर जाशील तर घरून निघतानाच सासऱ्यांकडून मूळ गाव, पणजोबांचं नाव आणि पूर्वी कोण कधी आलं होतं ते विचारून ये. उपाध्यांच्या नामावळीत सापडलं तर मुलांना पणजोबांची सही बघायला मिळेल. जुन्या नोंदी मोडीत असतात, ते वाचून दाखवतील. दक्षिणा आधी बोलून घे, नंतर दोघांनाही अवघड होतं. आणि तिथे फोटो काढताना आजूबाजूला बघ. लोक अस्थी घेऊन आलेले असतात. कुणाचं रडणं तुमच्या फोटोत मागे येऊ नये.

सोमवारी त्र्यंबकला जायचा बेत असेल तर तिसरा श्रावण सोमवार सोडून जा. ब्रह्मगिरीच्या फेरीला सगळा मुलूख लोटतो. मिसळ कुठली खाऊ हे मला विचारू नकोस, प्रत्येक नाशिककर वेगळं नाव सांगेल आणि भांडेल.

तू मधेच सिंहस्थाची खोलीही आत्ताच धरून ठेवू का म्हणालीस. रामकुंडावर ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, स्नानाच्या मोठ्या पर्वण्या २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. पर्वणीच्या दिवशी राहायचंच असेल तर घाटाजवळची खोली शोधू नकोस. लोक तिथेच चढा भाव देतात. पण पर्वणीला वाहनं लांब अडवतात, दोन दिवस दारातून बाहेर पडता येत नाही आणि उतारावरच्या अरुंद बोळांतून गर्दी रामकुंडाकडे कोसळते. २००३ला चेंगराचेंगरी झाली ती अशाच उतारावर, माणसं गेली. सासूबाईंना घेऊन तर अजिबात नको. पर्वणी टळली की आठ दिवसांनी या. गंगा तीच, पाणी तेच, आणि माडी निम्म्या पैशात.

त्यापेक्षा एकदा रंगपंचमीला ये. वर्षभर रस्त्याखाली झाकलेल्या पेशवेकालीन रहाडी त्या दिवशी उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. मात्र त्या दिवशी परत येताना जिन्याच्या भिंतींना हात लावायचा नाही. तो रंग चुन्यातून निघत नाही, आणि मालक अनामत परत देत नाही, त्यात त्याची चूक नाही.

निघताना पलंगपोस घडी करून ठेव, खिडक्यांचे अडसर घाल, खुंटीवर काही राहिलंय का बघ. यजमान मंडळी आमच्याकडे खुंटीवर जानवी, टोप्या, एकदा तर कवळीची डबी ठेवून गेली. कवळी मामंजींनी पोस्टाने पाठवली होती.

बुधवारी रात्री आमच्याकडे जेवायला या. पुरण करणार आहे. आमचा जिना सतरा पायऱ्यांचा, दिव्याचं बटण खालीच आहे, दोर मागच्या महिन्यात नवा लावलाय. सासूबाईंना चढवत नसेल तर आधी कळव, पानं खाली ओसरीवर मांडीन.